गोजराबाईचा घास

गोजराबाईच्या वर्षश्राद्धाचं पान गोठ्याच्या छपरावर ठेवून घटका झाली, तरी एक कावळा फिरकेना. खीर, वडे, मऊ वरणभात, सगळं तिच्या आवडीचं. समोरच्या निंबावर चार-पाच कावळे माना वाकड्या करून नुसते बसून होते. इंझोरीहून बैलांच्या डमणीतून आलेले पाहुणे भुकेनं ताटकळले होते, पण गेलेल्या माणसानं घास घेतल्याशिवाय पंगत बसायची कशी?

तिचा नवरा उकंडराव ओसरीच्या खांबाला टेकून खिरीकडे बघत होता. त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. गोजराबाई होती तोवर भाकर दुधात नाहीतर वरणात कुस्करून पुढ्यात यायची. तिच्या दहाव्यालाही कावळा असाच अडला होता. तेव्हा जगदेवानं, त्याच्या पोरानं, बापाला भाकर कुस्करून देईन असं हात जोडून कबूल केलं, तेव्हा कुठे पिंडाला कावळा शिवला.

तेराव्यापर्यंत दिलीही. मग सून अख्खी भाकर ताटात टाकून वावरात जाऊ लागली. म्हातारा ती पाण्यात भिजवून चोखायचा, उरलेली कुत्र्याला टाकायचा. वर्षभरात धोतराला दोन वेढे जास्त बसू लागले. असंच चाललं तर पुढल्या साली छपरावर आपलंही पान लागेल, हे त्याला कळत होतं.

आज मात्र त्याला बरं वाटलं. गोजरा मोठी हट्टी. चारचौघांत पोराचं पितळ उघडं पाडल्याशिवाय ती घास घ्यायची नाही.

"जगदेवा, बाईचं मन कशात तरी अडकून राह्यलं," गोजराबाईचा भाऊ मारोतराव म्हणाला. "काय कबूल केलं होतं, ते सांग तिले."

जगदेव पुढे झाला. बापाकडे न बघता त्यानं हात जोडले. "माय, बापाले मी भाकर कुस्करूनच देऊन राह्यलो. तू फिकर करू नको."

उकंडराव खांब सोडून ताठ झाला. आता बघच म्हणावं!

निंबावरून एक कावळा सरळ खाली आला आणि वडा उचलून उडाला.

"शांत झाली!" म्हणत सगळे पंगतीकडे वळले. जगदेव पत्रावळी मांडू लागला.

पोरगं खोटं बोललं, याचं म्हाताऱ्याला फारसं लागलं नाही. ते रोजचंच होतं. तो छपरावरच्या उष्ट्या पानाकडे बघत राहिला.

"गोजरे," तो म्हणाला, "घास घ्यायच्या आंधी एकडाव मले तं इचाराचं होतं."