हुबेहूब

केबल बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला, तरी कॉलेजच्या लॅबमधल्या तीस कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची कॉपी अर्ध्यातच अडकत होती. उद्या परीक्षा. "आई, कामात आहे, नंतर करते," म्हणून हेमांगीने पुन्हा फोन ठेवला.

शेवटी सगळे कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्कचा स्विच बदलल्यावर गाडी रुळावर आली. तिने तयार केलेल्या एका कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल सगळ्यांत उतरली. पडदे उजळले आणि प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी आली: 'आईला फोन कर.' स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली ती चिठ्ठी मूळ कॉम्प्युटरवरून पुसायची राहूनच गेली होती.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

"हो सर," म्हणत तिने आधी फोन लावला.

"अगं, मी भिशीला आलेय, नंतर करते," म्हणून आईने ठेवलासुद्धा.

तीसही पडदे अजून तेच सांगत होते.