बाली की बर्फ

आराधनाने नवऱ्याच्या मानेवर कोपर हाणलं, तेव्हा फोनवरची ट्रॅव्हल कंपनीची मोनिका सांगत होती की दोन्ही पॅकेजमध्ये कँडललाइट डिनर फुकट आहे.

"मेणबत्ती?" वस्ताद मच्छिंद्र म्हणाले. "तिथं बी लोडशेडिंग हाय का?"

फोन मारुतीच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात, स्पीकरवर ठेवला होता. शेजारच्या खिळ्यावर आराधनाचं मंगळसूत्र टांगलं होतं, कुणाच्या तरी लंगोटावर. सोनईच्या त्या तालमीत चौथं कुणी नव्हतं. वस्तादांनी सकाळची पोरं घरी धाडली होती आणि दाराला आतून कडी घातली होती. घरचा मामला. लेक आणि जावई.

मामला असा, की शुक्रवारी आराधनाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती आणि दोघं पहिल्यांदाच परदेशी जाणार होती. गहिनीनाथला स्वित्झर्लंड पाहिजे होतं, कारण आराधनाला शाळेत असल्यापासून बर्फात लोळायचं होतं. आराधनाला बाली पाहिजे होतं, कारण गहिनीनाथचा डावा कान कुस्तीत फुटला होता आणि थंडीत तो असा ठणकायचा की हा गडी भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. आठवडाभर दोघं एकमेकांवर 'तुझ्याच मनासारखं होणार' म्हणून ओरडत होती. काल त्यात मिक्सर गेला.

बोलून मिटत नाही ते कुस्तीच्या हौदात मिटवायचं, हा या घरचा कायदा. विहिरीची वाटणी याच लाल मातीत झाली होती, थोरल्या नातवाचं नावही इथंच ठरलं होतं. जिंकेल तो सांगेल तसं. अट एकच, कुस्ती खरी पाहिजे. मागे एका भाच्याने मुद्दाम पाठ टेकवली होती. त्याला अजून या घरात चहा मिळत नाही.

गहिनीनाथने वाकून तिचा पाय धरला आणि ओढला. आराधना तोंडावर आपटली. उठून थुंकली. माती लाल होती, त्यामुळे रक्त किती ते कळलं नाही.

"लई लागलं का?"

"तुमी गप लढा."

"सर," मोनिका म्हणाली, "तुम्ही जिममध्ये आहात का?"

"व्हय," वस्ताद म्हणाले. "तू बोल."

"बालीला कपलसाठी प्रायव्हेट पूल आहे. त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकून देतात."

आराधनाने गहिनीनाथला कमरेत धरून उचललं आणि आपटलं. छपराचे पत्रे थरथरले. वरून एक कबुतर उडालं, त्याला बाहेर जायची वाट सापडेना.

"कसला आवाज आला?"

"पाव्हणं पडलं. पाकळ्यांचं सांग."

पण पाकळ्यांचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. आराधना नवऱ्याच्या पाठीवर बसली होती आणि मनगटाने त्याचं तोंड रगडून मान फिरवत होती. त्याच्या नाकातून मातीत एक बारीक धार लागली. मग कानातूनही.

"बाली म्हना."

"मेलो तरी न्हाई."

"कान जाईल ओ तुमचा!"

"दुसरा हाय."

त्यावर ती इतकी चिडली, की त्याची मान सोडून तिने दंड धरला आणि त्याला उलटा केला. त्याचा एक खांदा मातीला लागला. दुसरा वीतभर वर राहिला. वस्ताद गुडघ्यावर बसून, गाल मातीला टेकवून ती वीत बघू लागले. वीत कमी होत होती. गहिनीनाथचे डोळे पांढरे झाले होते, पण ओठ अजून 'ब' म्हणत होते, आणि ते बालीचं नव्हतं.

"आणि मॅडम, स्वित्झर्लंडला," मोनिका म्हणाली, "डोंगरावर आता मे महिन्यातसुद्धा बर्फ आहे. मी तिथल्या लाइव्ह कॅमेऱ्यात बघतेय ना. आत्ता पडतोय."

आराधनाने वर बघितलं.

"कसा पडतोय?" तिने विचारलं.

"हळू, मॅडम. पिंजलेल्या कापसासारखा."

गहिनीनाथ खालून कमानीसारखा उसळला, तिचा हात बगलेत घेतला आणि तिला स्वतःवरून पलीकडे फेकलं. कडकन आवाज झाला. आराधना उताणी पडली, दोन्ही खांदे मातीत. त्यातला एक जागेवर नव्हता.

"चितपट," वस्ताद म्हणाले. पण मांडीवर थाप मारली नाही. ते लेकीच्या तोंडाशी वाकले. "आराधने. सोडलीस का तू?"

ती छपराकडे बघत होती. कबुतराच्या धडपडीने वरची जळमटं सुटली होती आणि बारीक बारीक तुकडे होऊन, हळूहळू तिच्या अंगावर पडत होती.

"सोडली न्हाई, आबा," ती म्हणाली. "सुटली."

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे. तो हात अजून मिटलेला होता आणि मुठीत जावयाच्या बनियनचा फाटका तुकडा होता. ते उठले आणि दाराची कडी काढली.

"छबू!" त्यांनी घराकडे बघून बायकोला हाक मारली. "चहा टाक. तिघांचा."

"सर," मोनिका म्हणाली, "मग कोणतं फायनल करू? आणि इन्शुरन्स घ्यायचा का?"

"बर्फ," गहिनीनाथ म्हणाला. तो आराधनाच्या शेजारी बसला होता, कानातून रक्त गळत होतं आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोत होतं तसलं हसू होतं.

दारातून उन्हाची झळ आत आली. सोनईत त्या दिवशी डांबर वितळून चपलांना चिकटत होतं. आराधनाने पडल्या पडल्याच चांगला हात उचलला आणि नवऱ्याचा डावा कान तळहाताने गच्च झाकला.

"झाकून ठेवा," ती म्हणाली. "थंडी लागंल."