समोरची जागा

साहेबांनी पुस्तक हातात देताच चौथीतल्या मुंगीने ते उलटं धरलं. चित्रातल्या गाईचे पाय आभाळाकडे झाले. मुंगीने गाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंग्रजीचा धडा घडाघडा वाचायला लागली.

"बस," तपासणीला आलेले साहेब दोन ओळींतच म्हणाले आणि बाईंकडे वळले. "पोपटपंची आहे, बाई. पाठ करून घेतलंत."

बाई लगबगीने पुढे झाल्या.

"नाही साहेब, ती वाचते. दुसरं पान देऊन बघा."

"तेही पाठ असेल. उलट्या पुस्तकातून कोण वाचतं?" आवाजात राग नव्हता, कीव होती. त्यामुळे तर ते जास्तच लागलं.

या शाळेला इंग्रजीसाठी एका वर्षाची मुदत मिळाली होती. जिथे छप्पर धड नाही तिथे इंग्रजीचे चोचले कशाला, असं म्हणणारे वर बरेच होते. आज वाईट शेरा पडला की विषय बंद. मग ज्याला हवं त्याने दोन टेकड्या ओलांडून मोठ्या शाळेत जावं, आणि मुंगीसारखीला घरून कोण पाठवणार? बाईंनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. त्यावर आता पाणी पडणार होतं, तेही वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीच्या हातून. बाईंना क्षणभर तिचा रागच आला.

साहेबांनी टेबलावर शेरेबुक उघडलं आणि लिहायला घेतलं. टेबलापलीकडे मुंगी पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिला कोणी जागेवर जा म्हटलं नव्हतं.

पेन थांबलं तसा तिचा आवाज आला, बारीक पण खणखणीत.

"द चिल्ड्रन कॅनॉट रीड. दे ओन्ली रिपीट." ती जरा पुढे वाकली. "पुढचं लागत नाही, साहेब. अक्षर गिचमिड आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी शेऱ्याकडे पाहिलं, मग मुंगीकडे. शाई अजून वाळायची होती.

"तिकडून उलटं कसं वाचलंस हे?"

"आम्हा चौघींत एकच पुस्तक आहे ना," मुंगी म्हणाली. "मधे ठेवतो. माझी जागा समोरची."

बाईंनी फळ्याला हात टेकला. पोरगी वर्षभर डोळ्यांपुढे असून हे दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटली. पण आनंद लाजेहून मोठा होता. तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

साहेबांनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नवी ओळ लिहिली, या वेळी सावकाश, सुट्ट्या अक्षरात. मुंगीने ती पलीकडूनच वाचली आणि मैत्रिणींकडे बघून मान डोलावली. सगळा वर्ग मोकळा हसला.

मग साहेबांनी पुस्तक मागून घेतलं, उलटं धरलं आणि डोळे बारीक केले. पहिल्याच शब्दाला ते अडखळले.

"होईल सवय, साहेब," मुंगी म्हणाली.