सैल सोड

“सैल सोड. लांब श्वास घे. झालंच,” सिस्टर म्हणाली आणि तिनं भावजयीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बावीस वर्षं ती या तपासणीच्या खोलीत हेच बोलत आली होती. आज टेबलावर तिच्या धाकट्या भावाची बायको होती, आठवा महिना लागलेली, एवढाच काय तो फरक. मोठ्या डॉक्टरांचा नंबर मिळायला लोक महिना महिना थांबत. सिस्टरनं शब्द टाकून दोन दिवसांत मिळवला होता. घरात त्या दिवसापासून तिचा भाव वधारला होता.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. काय तपासणार, ते सांगितलं नाही. टेबलावरच्या चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. पडद्याशी दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. आज गाडी लावायला कशी जागा मिळाली नाही, ते डॉक्टर त्यांना रंगवून सांगत होते. सांगता सांगताच त्यांनी हात आत घातला.

भावजयीचं अंग ताठ झालं.

“दुखतंय,” ती म्हणाली.

“हं,” डॉक्टर म्हणाले आणि गाडीचं पुढे सांगू लागले.

“डॉक्टर, खूप दुखतंय. थांबा जरा.”

“एवढ्यानं दुखायला लागलं, तर बाळंतपणात काय करशील?”

शिकाऊंपैकी एक हसला. डॉक्टरांनी दुसऱ्याला मानेनं बोलावलं. “ये, तूही हात घालून बघ.”

“नाही.”

आवाज बारीकच होता. घरात प्यायला पाणी मागतानाही दहादा विचार करणारी ही मुलगी. पण खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

“मला कुणी विचारलं नाही. मला नको आहे. हात काढा.”

तिनं पाय जवळ घ्यायचा प्रयत्न केला. एक पाय आला, दुसरा येईना. तिनं मान उचलून पाहिलं.

“ताई, सोडा ना.”

तेव्हा कुठे सिस्टरच्या ध्यानात आलं. तो गुडघा ती स्वतःच दाबून धरून होती, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती. कधी दाबला, तिला आठवेना.

“सिस्टर, धरा,” डॉक्टर म्हणाले.

बावीस वर्षांत तिनं या माणसाला एकदाही दोनदा सांगायला लावलं नव्हतं. नळाचं पाणी टपटपत होतं. भावजयीच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण तिनं सिस्टरवरची नजर हलवली नाही.

सिस्टरनं हात उचलला.

डॉक्टरांनीही हात काढला. हातमोजे ओरबाडून बादलीत टाकले. “तुमच्या घरचं माणूस म्हणून मी वेळ काढला, सिस्टर,” ते म्हणाले. भावजयीशी ते बोललेच नाहीत. “हिला दुसरीकडे न्या. मी दहा मिनिटांत येतो. तोवर पुढचा नंबर तयार ठेवा.” ते गेले. शिकाऊ मागोमाग गेले. पडदा अर्धवट उघडाच राहिला. तो सिस्टरनं ओढून घेतला.

भावजय उठून बसली. सलवारीच्या नाडीची गाठ तिला बसेना. सिस्टरनं लहान मुलीला बांधावी तशी ती बांधून दिली.

“माझं चुकलं का, ताई? आता घरी काय सांगायचं?”

“काही चुकलं नाही तुझं.”

“तुम्ही होतात म्हणून निभावलं. दुसरी कुणी असती, तर तिनं सोडलं नसतं.”

सिस्टरला मान वर करवेना. तिनं खाली वाकून भावजयीच्या चपला पुढे सरकवल्या, त्यांची तोंडं वळवून ठेवली. “बाहेर बाकावर बस,” ती कशीबशी म्हणाली. “नवऱ्याला फोन कर. मी आलेच.”

दार लागलं. टेबलावरचा चुरगळलेला कागद काढून सिस्टरनं नवा अंथरला आणि पुढचा नंबर पुकारला.

आत आलेली बाई तिसऱ्या खेपेची होती. सिस्टरला पाहून ओळखीचं हसली. काही सांगायच्या आधीच टेबलावर चढली, आडवी झाली, पाय जागच्या जागी नेऊन ठेवले. मग पिशवीत हात घालून तिनं एक रुमाल काढला, नीट चौघडी घातली आणि दातांत धरला.

“हे कशाला?” सिस्टरनं विचारलं.

बाईनं रुमाल तोंडातून काढला.

“गेल्या खेपेला मी ओरडले, तेव्हा तुम्हीच दिला होतात ना, सिस्टर,” ती म्हणाली. “म्हटलं, या वेळी घरूनच न्यावा.”