पाहुणचार

तुकोगंजच्या डॉक्टरांनी वर्षभराच्या तपासण्यांची फाईल मिटली. "तुमची बॉडी तुम्हालाच परकं समजतेय. इलाज नाही, आता आदत करून घ्या."

स्वानंदी शहराबाहेर राऊला, आपल्या घरी आली. एरवी अगं-तुगं करणाऱ्या सासूबाई दार उघडून म्हणाल्या, "या, बसा."

शेव घातलेले पोहे आले. नवरा, श्रीहरी, समोर अवघडून बसला होता, परक्या बाईसमोर बसावं तसा.

मग निघत्या सवाष्णीला लावतात तसं सासूबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं. "या हं पुन्हा."

"आई, अहो मी..." ती ओरडणार, तोच तिचे सुजलेले हात आपोआप जुळले. तिच्याच तोंडातून गोड आवाज आला, "येते हं. छान वाटलं तुमच्याकडे."

आणि तिचे दुखरे पाय, कधी नव्हे ते बिनतक्रार, दाराकडे चालू लागले.