आमसुलांचा कागद

तलाठ्याने दिलेल्या नोटिशीच्या कागदातच आप्पांनी मला आमसुलं बांधून दिली. घरामागच्या डोंगराला भेग पडली होती. पावसाळाभर नातेवाईकांकडे राहायला जावे, असं त्यावर लिहिलं होतं.

"माझी नातेवाईक तू एकटीच," आप्पा हसत म्हणाले. "आणि बाप कधी लेकीच्या घरी मुक्काम करतो का? जावईबापू म्हणतील, गणपती गेले, सासरा काही हलत नाही."

मीही हसले. माझ्याकडे आले की ते घोटभर पाणी पिऊन संध्याकाळच्या एसटीने परत फिरायचे. मी कधीच थांबवलं नाही. सासरच्यांना काय वाटेल, ही धास्ती त्यांच्याइतकीच मलाही होती.

मी सासरी परतले आणि पाचव्या दिवशी आप्पांची अख्खी वाडी दरडीखाली गेली. तीन दिवस उपसूनही आप्पा सापडले नाहीत. शोध थांबवायला आलेले साहेब म्हणाले, "ताई, आम्ही नोटीस बजावली होती. लोकच हलत नाहीत."

"हलून जायचं कुठे, साहेब? एक पत्र्याची शेड तरी बांधलीत?" आमसुलांनी लाल झालेला तो कागद मी त्यांच्यापुढे धरला. "नातेवाईकांवर ढकललंत आणि मोकळे झालात."

ते छत्री सावरत गाडीकडे निघाले. माझा हात तसाच राहिला. कागदात लिहिलेली नातेवाईक मीच होते.

आमचं अंगण होतं तिथल्या चिखलात जाऊन मी उभी राहिले आणि गाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आप्पा, पिशवी भरा. माझ्या घरी राहायला चला. कोण काय बोलतं, ते मी बघते."