लाल अक्षरं

थ्येनपाओ थडग्याच्या दगडापुढून हलायला तयार नव्हता. काका, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय, असं शूयिनने पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हातारा कधी गवत उपटायला वाके, कधी खिशात उदबत्त्या चाचपी. पाठ मात्र दगडालाच.

शूयिन मलेशियातून आली होती. तिचे वडील लहानपणी हे गाव सोडून गेले, त्यांचे आजोबा वानशान मागे राहिले आणि इथेच वारले. वडील आता अंथरुणाला खिळले होते. आजोबांचं थडगं एकदा डोळ्यांनी बघू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. गावातल्या या चुलतभावाला त्यांनी फोन केला, तेव्हा थ्येनपाओने सांगितलं होतं, थडगं शाबूत आहे, पाठव पोरीला.

सकाळी कुळाच्या देवळात तिने वानशानचं नाव काढलं, तशा चहा पीत बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. निघताना थ्येनपाओच्या बायकोने दार अडवलं. "तिला तिकडे कशाला नेताय? जिवाची काही पर्वा?" त्याने नुसते डोळे वटारले. टेकडी चढताना शूयिनच्या मनात येत होतं, हा म्हातारा परदेशातून येणाऱ्या सगळ्यांना हेच थडगं दाखवत असेल.

"फार नवं दिसतंय," ती म्हणाली. "शेवाळसुद्धा नाही."

"डागडुजी केली."

"कोणी?"

तो पुन्हा गवताकडे वळला. शूयिनने त्याचं कोपर धरलं आणि त्याला बाजूला केलं.

दगडावरची अक्षरं लाल होती. मेलेल्याचं नाव सोनेरी रंगवतात. लाल नाव म्हणजे माणूस जिवंत आहे, त्याने आपली जागा आधीच बांधून ठेवली आहे. हे तिला तिकडच्या दफनभूमीतून ठाऊक होतं. नाव होतं च्वांग थ्येनपाओ.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली.

"हो." तो थडग्याच्या कठड्यावर टेकला. "अजून रिकामंच आहे."

मग त्याने खाली दरीत पसरलेल्या पाण्याकडे बोट केलं. धरण झालं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या माणसांची हाडं वर आणली. थ्येनपाओचा बाप वानशानसाठी चांगला दिवस बघत राहिला, आणि पाणी आधी चढलं. तिच्या वडिलांनी फोनवर पहिल्यांदा विचारलं, तेव्हा थ्येनपाओच्या तोंडून निघून गेलं की थडगं झाडलंय, उदबत्ती लावलीय. पलीकडे ते रडले. त्यानंतर दरवर्षी तेच सांगावं लागलं.

"मला तरी खरं सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"एवढ्या लांबून आलीस. तुला काय पाण्यापुढे वाकायला सांगू?"

शूयिनला राग आला होता. तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. जिवंत माणसाच्या थडग्याला उदबत्ती लागली की त्याचं आयुष्य घटतं, असं इथे मानतात. बायको दारात का आडवी आली ते आता तिला कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर उशी आणि वडिलांचा अर्धा चेहरा.

"पोचलीस? दिसतंय?"

"दिसतंय, बाबा." तिने फोन टेकडीकडे, झाडांकडे फिरवला. दगड मात्र दिसू दिला नाही.

"माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही गं. काय लिहिलंय ते वाच."

शूयिनने थ्येनपाओकडे पाहिलं. म्हातारा जमिनीकडे बघत होता.

"च्वांग वानशान," ती म्हणाली.

मग बारीक आवाजात वडिलांनी विचारलं, "उदबत्ती लावली का?"

ती काही बोलायच्या आत थ्येनपाओ कठड्यावरून उठला. त्याने उदबत्त्या पेटवल्या आणि गुडघे टेकून स्वतःच्या नावापुढे कपाळ जमिनीला लावलं.